मुन्शीजींचे गड्डे

कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं मला कधी जमलं नाही. या एका दोषापायी मी नको त्या गावी बदलून गेलो, नको त्या लग्नांत मध्यस्थी केली आणि धारूरला एका हिवाळ्यात, जी भाजी मला वासानेसुद्धा नकोशी व्हायची, ती तीन महिने दोन्ही वेळा खाल्ली. नुसती खाल्ली नाही, ‘वा’ म्हणून खाल्ली.

ती भाजी खाऊ घालणारे गृहस्थ म्हणजे आमचे घरमालक. गावात त्यांचं नाव कुणी घेत नसे, सगळे मुन्शीजी म्हणत. तेव्हा निजामाचं राज्य होतं. अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणायचे आणि तिथे घोडदळाची छावणी होती. त्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांना हिंदुस्तानी बोलायला शिकवायचं काम मुन्शीजींनी पंचवीसएक वर्षं केलं. पुढे छावणी उठली, साहेब गेले आणि मुन्शीजी धारूरला वडिलांच्या घरी येऊन राहिले. घर ब्राह्मणाचं, पण राहणारे ते एकटेच होते. येताना त्यांनी एका साहेबाचा जुना लोकरी कोट आणला आणि तपकिरीच्या डबीत मोहरीसारखं बारीक बी आणलं. कोट त्यांच्या अंगावरून चैत्रातसुद्धा उतरला नाही. बियाने माझं काय केलं ते आता सांगतो.

त्या बियापासून जो गड्डा यायचा तो नारळाएवढा. वरून जांभळा, खालून मातकट, आणि कापला की आत पिवळाधमक. छावणीतल्या बागवानाने साहेबांच्या टेबलासाठी तो लावला होता, त्याच्याकडून मुन्शीजींनी बी घेतलं होतं. विहिरीच्या कडेला त्यांचे चार वाफे होते. लोक त्याला शलगम म्हणाले की मुन्शीजींना राग येई.

“शलगम ह्येचा धाकटा भाऊ. ह्ये सुईड हाय, सुईड. विलायतेत बर्फाच्या थंडीत वाढतंय. आपल्या धारूरच्या हिवाळ्याला बर्फ समजून फसलंय बिचारं.”

गावाच्या जिभेला ‘सुईड’ काही झेपलं नाही. गाव ‘मुन्शीचे गड्डे’च म्हणत राहिलं.

मी धारूरच्या शाळेत दुसरा मास्तर म्हणून आलो तो कार्तिक महिना होता. मुन्शीजींच्या घराच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी वळकटी टाकतोय तेवढ्यात ते दारात येऊन उभे राहिले, माझी नीट मुलाखत घेतली आणि शेवटी म्हणाले, “मोडीचा हात चांगला, उर्दू कच्ची, अंगात धिटाई न्हाई. सहा.”

साहेबांच्या परीक्षा घेऊन घेऊन त्यांना दहापैकी गुण द्यायची खोड लागली होती. न्हाव्याला पाच, पौषातल्या थंडीला आठ, मारुतीच्या देवळातल्या आरतीला चार. शेजारच्या शास्त्रीबुवांच्या संस्कृत उच्चारांना त्यांनी एकदा भर देवळात साडेतीन दिले होते. तेव्हापासून शास्त्रीबुवा त्यांच्याशी बोलत नव्हते.

त्या पहिल्या संध्याकाळी मुन्शीजींनी मला जेवायला बसवलं. स्वयंपाक ते स्वतः करत आणि तो कोट घालूनच करत. “सोवळ्याचं काय?” असं मी भीतभीत विचारलं, तर म्हणाले, “लोकर हाय. धाबळी चालती, मग कोट कावून चालत न्हाई?” गड्डा त्यांनी चुलीच्या आरात पुरून भाजला होता. साल काढून कुस्करला, हिरवी मिरची, मीठ, कोथिंबीर घातली, वरून करडीच्या कच्च्या तेलाची धार धरली आणि ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर माझ्या ताटात वाढला.

पहिला घास गोडसर लागला. मला वाटलं, बरं आहे. मग मागून एक कडसर चव आली आणि तिच्या मागून वास आला, पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीचा असतो तसा. मुन्शीजी समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते.

“कसं हाय?”

“वा!” मी म्हणालो. “असं मी कधी खाल्लं नव्हतं.”

यातलं दुसरं वाक्य खरं होतं. पण मुन्शीजींनी दोन्ही खरी धरली, निदान मला तरी तसं वाटलं, आणि आणखी तेवढंच वाढलं. मी तेही खाल्लं, आणि माझा हिवाळा तिथेच ठरून गेला.

सकाळी गड्ड्याच्या फोडी घालून तुरीची चिंचगुळाची आमटी. संध्याकाळी पाल्याची हरभऱ्याची डाळ घालून भाजी. एकादशीला काय करायचं याचा त्यांनी बराच विचार केला आणि दुधात गूळ घालून गड्ड्याची खीर केली. ती खीर आठवली की अजून माझ्या अंगावर काटा येतो. उन्हात वाळवलेल्या चकत्या होत्या, मोहरी फेसून घातलेलं लोणचं होतं. मी प्रत्येक वेळी ‘वा’ म्हणायचो. नाही म्हणायला नवा शब्द म्हणून कधीकधी ‘वाहवा’ म्हणायचो.

बरं, नुसतं खाऊन सुटका नव्हती. शिकवण्याची हौस त्यांच्या हाडात मुरलेली. मला चुलीपुढे बसवून ते धडा द्यायचे.

“ध्यान देऊन ऐका. थंडी पडल्याबगैर गड्डा उपटायचा न्हाई. गार वाऱ्यानं त्याला साखर चढती. साल जाड काढायची, पातळ काढली की कडू लागतंय. आन् शिजताना भांड्यावर झाकण ठेवायचं न्हाई. झाकण ठिवलं की वास आतच कोंडतोय आन् मंग सगळ्या भाजीला लागतोय. म्हना.”

मी म्हणायचो. दुसऱ्या दिवशी विचारलं की चुकायचो. झाकण ठेवायचं की नाही इथे माझी गाडी हमखास अडायची. मुन्शीजी मान हलवत म्हणायचे, “चार. लालतोंड्या लप्टन साहेबाला बी मी चारच दिलते.”

हा लप्टन, म्हणजे लेफ्टनंट, साहेब त्यांच्या बोलण्यात वारंवार येई. कोवळा, विशीतला, नुकताच विलायतेहून आलेला. मोमिनाबादेच्या उन्हाने सोलून निघालेला. त्याला घराची फार आठवण आली की तो खानसाम्याकडून हाच गड्डा उकडून, लोणी घालून घोटून घ्यायचा आणि खाताना डोळे पुसायचा. मुन्शीजींनी विचारलं, “साहेब, इतकं आवडतं?” तर साहेब त्यांनीच शिकवलेल्या हिंदुस्तानीत म्हणाला, “नहीं मुन्शी. घर में कभी अच्छा नहीं लगा. माँ रोज देता था.” मुन्शीजींना ही गोष्ट सांगताना दर वेळी हसू यायचं आणि दर वेळी शेवटी ते चुलीतला जाळ सारखा करायचे. मग म्हणायचे, “व्याकरण चुकलं होतं, पर मी दुरुस्त केलं न्हाई.”

मी त्या साहेबासारखा रडू शकत नव्हतो. मी दुसरा मार्ग शोधला. आमच्या परसातली भिंत अर्धी पडलेली होती आणि पलीकडे शास्त्रीबुवांची म्हैस बांधलेली असायची. एक दिवस मुन्शीजी पाणी आणायला उठले तेव्हा मी ताटातल्या फोडी रुमालात बांधल्या आणि मागे जाऊन तिच्या गव्हाणीत टाकल्या. म्हशीने त्या अशा आवडीने खाल्ल्या की मला स्वतःचीच लाज वाटली. त्या जनावराला ‘वा’ म्हणायची गरज पडली नाही. मग मी रोजच तिला देऊ लागलो. भिंतीपाशी माझी चाहूल लागली की ती हंबरायची.

आठ-दहा दिवसांनी शास्त्रीबुवा ओट्यावर हात कमरेवर ठेवून कुणाला तरी सांगत होते, “दुधाला वास मारतोय हो! काल नैवेद्याची खीर फेकून द्यावी लागली. चारा तोच, पाणी तेच. कुणी करणी केली की काय कळंना.”

मी रस्त्याने शाळेत चाललो होतो. त्यांनी मला थांबवून सगळं पुन्हा सांगितलं. मी म्हणालो, “काय म्हणता!” आणि पाय उचलला. या गड्ड्याने दुधाला वास लागतो हे मला ठाऊक नव्हतं. कळल्यावर मी लगेच बंद केलं असतं असं म्हणायला मला आवडेल. मी आणखी तीन दिवस टाकत होतो, फक्त कमी टाकत होतो.

तिसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांना गव्हाणीत एक पिवळी फोड सापडली. गावात पिवळी फोड एकाच घरातून निघत होती. शास्त्रीबुवांनी मनाशी जोडलं ते सरळच होतं. साडेतीन गुण देणाऱ्या मुन्शीने आता आपल्या म्हशीवर डूख धरला. पण ते भांडायला आले नाहीत. त्यांनी पोथ्या काढल्या. स्मृतींत गृंजन नावाचा कंद निषिद्ध सांगितला आहे. मुन्शीचा गड्डा म्हणजे तेच गृंजन, असा त्यांनी निर्णय केला आणि तो देवळात सांगितला. जो ते खाईल तो पंगतीला चालणार नाही.

पौषात माझी बायको नांदायला आली. ती तेलगावकडच्या कुळकर्ण्यांची. शेतात वावरलेली आणि बोलायला मोकळी. तिला आणताना मला एकच काळजी होती, हिला हे गड्डे कसे खाऊ घालायचे. पहिल्याच दिवशी मुन्शीजींनी भरीत वाढलं. तिने घास घेतला आणि म्हणाली, “मुन्शीकाका, ह्ये किसून धपाट्यात घातलं तर?”

मुन्शीजी चुलीपुढून उठून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी तिने किसलेला गड्डा, ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, ओवा, लसूण-मिरची असं सगळं एकत्र मळून ओल्या फडक्यावर धपाटे थापले. तव्यावर खरपूस भाजले. मुन्शीजींनी उभ्याउभ्याच एक खाल्ला आणि म्हणाले, “नऊ.” तोवर मी त्यांच्या तोंडून नऊ ऐकला नव्हता. पुढच्या आठवड्यात तिने येसराच्या, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीत फोडी टाकल्या, तेव्हा तर पावणेदहापर्यंत गेले. रोज दुपारी दोघं चुलीपाशी बसून नव्या युक्त्या काढायचे आणि मी शाळेतून आलो की त्या माझ्यावर आजमावल्या जायच्या.

“ह्यांना लई आवडतंय,” ती मुन्शीजींना कौतुकाने सांगायची. “कसलं बी करा, ताट चाटून पुसून.”

खरं सांगायचं तर ते धपाटे मला मनापासून आवडायला लागले होते. पण ते सांगायची सोय उरली नव्हती. सगळंच आवडतं म्हणून बसलो होतो.

माघात देशपांड्यांच्या घरी मुंज होती. देशपांडे गावातलं मोठं घर, सगळ्या ब्राह्मणांना आमंत्रण होतं. आम्हालाही होतं, मुन्शीजींनाही होतं. मुन्शीजींनी कोट झटकून घातला, डोक्याला पागोटं बांधलं. पानं मांडलेली, रांगोळ्या काढलेल्या, आतून पुरणाचा वास येतोय. मला तर तो वास म्हणजे तीन महिन्यांच्या तुरुंगातून सुटल्यासारखा वाटला. मी पान धरून बसलो. माझ्या शेजारी मुन्शीजी बसायला वाकले, तेवढ्यात समोरून शास्त्रीबुवा उठले.

“देशपांडे, आधी एक निकाल लागू द्या. मुन्शी ह्या पंगतीत बसत असतील तर मी उठतो. ते गृंजन खातात.”

देशपांडे घाईने म्हणाले, “अहो, शुभकार्य आहे, नंतर बघू.” मुन्शीजी शांतपणे म्हणाले, “गृंजन वेगळं, सुईड वेगळं. मी तुमाला कापून दाखवतो. मास्तर बी खातेत. इचारा की, शिकलेला मानूस हाय.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शास्त्रीबुवा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “काय हो मास्तर? तुम्ही त्यांच्या घरात राहता. खाता तुम्ही ते?”

माझ्या पानावर तेवढ्यात कुणीतरी मीठ आणि लिंबू वाढून गेलं होतं. मी लिंबाकडे बघत म्हणालो, “छे छे. मला तर त्याचा वाससुद्धा सहन होत नाही.”

त्या भाजीबद्दल मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. आणि एवढी मोठी लबाडी मी त्यापूर्वी कधी केली नव्हती.

मुन्शीजींनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले, परीक्षेत पाठ केलेलं विसरलेल्या साहेबाकडे बघत असतील तसे. मग त्यांनी पागोटं सारखं केलं आणि दाराबाहेर निघून गेले. शास्त्रीबुवा म्हणाले, “चला, वाढा.”

तेवढ्यात माजघराच्या दारातून आवाज आला. “थांबा.”

हातात वरणाचं भांडं घेऊन माझी बायको उभी होती. गावात येऊन तिला दीड महिना झाला होता. भरल्या अंगणात, सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर, डोक्यावरचा पदर एका हाताने सावरत ती म्हणाली, “आमच्या घरी रोज गड्डे शिजतेत. मी रांधते. हे खातेत. काल रात्री चार धपाटे खाल्ले. मुन्शीकाका जात असतील तर आमीबी जातो.”

आतून कुणा बाईने तिचा पदर ओढला. तिने भांडं खाली ठेवलं, चपला शोधल्या आणि चालू लागली. मी पानाकडे पाहिलं. पुरणपोळी अजून वाढली नव्हती. हे मला आठवतं याची मला लाज वाटते, पण आठवतं. मग मी उठलो. उठताना माझा पाय पानावर पडला आणि लिंबू अंगणात गडगडत गेलं. कुणीतरी हसलं.

रस्त्याने ती पुढे आणि मी दहा पावलं मागे. ती एकदाच वळली. “तुमाला आवडत न्हाई तर मला कावून सांगितलं न्हाई?” मी म्हणालो, “तुला वाईट वाटेल म्हणून.” ती म्हणाली, “आन् आता?”

घरी आलो तर मुन्शीजी वाफ्यात बसून गड्डे उपटत होते. कोट तसाच अंगावर, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. दोन वाफे उलथून झाले होते. मोठे, लहान, कोवळे सगळे एकावर एक पडले होते. बायको धावत गेली आणि त्यांचा हात धरला.

“काका, बियाला तरी ठेवा! सगळं उपटलं तर पुढच्या साली काय लावाल?”

“काय करायचं लावून? खायला कोन हाय?”

“मी हाय की.”

मुन्शीजी थांबले. बोटांमधली माती झाडत बसले. मला वाटलं, आता बोललो नाही तर या घरात पुन्हा पाय ठेवायची लायकी राहणार नाही. मी वाफ्याच्या कडेला उभा राहून सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासूनचं. मग म्हशीचंही सांगितलं. शास्त्रीबुवांच्या गव्हाणीत फोडी मी टाकल्या, दुधाला वास माझ्यामुळे लागला, गृंजनाचा सगळा बोभाटा माझ्यामुळे झाला, हे सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की बायकोने दोनदा “काय?” म्हणून विचारलं.

मुन्शीजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमाला आवडत न्हाई त्ये मला पयल्या घासालाच कळलंतं.”

“कळलं होतं?”

“पंचवीस वर्सं गोऱ्या साहेबांची थोबाडं वाचली म्या. ‘समझ गया मुन्शी’ म्हनायचे, आन् समजलेलं नसायचं. तुमी ‘वा’ म्हनला तवा तुमचं नाक वर गेलतं. मी म्हनलं, बघू हा गडी कधी खरं बोलतोय. आज बोलंल, उद्या बोलंल. रोज करून घातलं. एकादशीला खीर केली, म्हनलं खिरीला तरी नको म्हनंल. तुमी दोन वाट्या खाल्ल्या!”

मी मान खाली घातली.

“म्हशीचं मात्र म्हाईत न्हवतं,” ते म्हणाले. मग विचारलं, “तिला आवडलं का पर?”

“फार. चाहूल लागली की हंबरायची.”

मुन्शीजींना हसू फुटलं ते थांबेना. हसता हसता खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं. “तिला नऊ,” ते म्हणाले. “तुमाला किती द्यावेत त्ये मला ठरवावं लागंल.”

दुसऱ्या दिवशी बायकोने मला हाताला धरून नाही, पण जवळजवळ तसंच, शास्त्रीबुवांकडे पाठवलं. मी कबूल केलं. शास्त्रीबुवांनी विचारलं, “म्हणजे मुन्शीनं केलं नाही?” “नाही. मी केलं.” त्यांना पहिल्यांदा माझा राग आला, मग मुन्शीजींवर राग धरायला आता कारण उरलं नाही याचा जास्त राग आला. पण माणूस न्यायाचा होता. त्यांनी पुन्हा पोथ्या काढल्या. गृंजनाचे तिथे दोन-तीन अर्थ दिलेले होते, आणि विलायतेचा हा कंद कुठल्याच अर्थात बसत नव्हता, असं त्यांना आढळलं. मला मात्र प्रायश्चित्त लागू झालं. पंधरा दिवस पहाटे उठून त्यांच्या गोठ्यातलं शेण काढायचं. मी काढलं. म्हैस पहिले काही दिवस माझे हात हुंगायची आणि निराश व्हायची.

गावाने मात्र लगेच पोथी मानली नाही. त्या साली माझ्या बायकोला हळदीकुंकवाचं एकही बोलावणं आलं नाही. बाया विहिरीवर तिच्याशी तुटक बोलायच्या. भर अंगणात पुरुषांपुढे बोललेली सून म्हणून बोट दाखवायच्या. ती वरवर काही दाखवत नसे. एकदा मात्र स्वतःच बायांना बोलावून, नवं लुगडं नेसून, कुंकवाची कोयरी हातात घेऊन दारात बसली आणि तिन्हीसांजेला कोणी आलं नाही म्हणून उठली, ते मी पाहिलं. ते माझ्याच्याने विसरवत नाही. शेवटी देशपांड्यांच्या म्हाताऱ्या आईने ही कोंडी फोडली. तिला दात नव्हते, आणि लोणी घालून मऊ घोटलेला गड्डा कुणीतरी चोरून तिला नेऊन दिला होता. म्हातारीने तो खाल्ला आणि भर दिवसा गडी पाठवून आणखी मागवला. देशपांड्यांकडून गडी आला हे सगळ्या आळीने पाहिलं. त्यानंतर बाया यायला लागल्या. आधी कृती विचारायला नाही, पाहायला. मग विचारायलाही.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी वाफ्यात मुन्शीजींनी हसून झाल्यावर मला विचारलं होतं, “मंग तुमाला खरं आवडतं तरी काय?”

मी म्हणालो, “वांगं.”

“वांगं?” त्यांचं तोंड पडलं. पंगतीत मी त्यांना नाकारलं तेव्हा पडलं नव्हतं इतकं. “त्ये तर सगळीच खातेत.”

तरी तिसऱ्या दिवशी बाजारातून त्यांनी स्वतः वांगी आणली. बायकोला चुलीजवळ येऊ दिलं नाही. कोटाच्या बाह्या वर सारून भरली वांगी करायला बसले. आयुष्यात त्यांनी वांगं शिजवलं नसावं. चिरा सरळ पाडल्या नाहीत, मसाला बाहेर सांडला, आणि वांग्यालाही गड्ड्याचाच नियम लावून भांड्यावर झाकण ठेवलं नाही. रस आटला आणि वांगी मधे टणक राहिली. त्यांनी माझ्या ताटात दोन वाढली आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

“कसं हाय?”

बायको दारात उभी होती. तीही बघत होती. माझ्या जिभेवर ‘वा’ येऊन बसला होता. इतक्या वर्षांची सवय. मी तो गिळला, घासासकट.

“कच्चं आहे,” मी म्हणालो.

मुन्शीजींनी माझ्या पुढचं ताट उचललं, परसात नेऊन रिकामं केलं आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. खरं बोलण्याचा माझा पहिला अनुभव हा असा. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बायकोशी बोलायचे, शेण काढून येताना मी समोर आलो की आभाळाकडे बघायचे. मी बायकोला म्हणालो, “बघ, म्हणून मी बोलत नव्हतो.” ती म्हणाली, “गप बसा.”

नवव्या दिवशी मी शाळेतून येऊन पाय धूत होतो. पलीकडे मुन्शीजींच्या चुलीपाशी भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. थोड्या वेळाने आतून मुन्शीजींनी हाक मारली.

“मास्तर, कच्चं म्हंजी किती कच्चं? देठापाशी का मधी?”